घंटा झाली की मोडायचं

आमच्या मास्तरांच्या कोटाला सात खिसे होते. शिंप्यानं दिलेले तीन, आणि बाकीचे चार काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वैतागून शिवून दिलेले. "दोन खिसे फाडून आणतात, चार मागतात," असं त्या म्हणायच्या. एका खिशात चिंचोके, एकात सुतळीचे तुकडे, एकात फुटक्या बांगड्या, एकात करवंटीत घालून ठेवलेले बाभळीचे काटे. राहिलेल्या तीन खिशांत काय असायचं ते त्यांनाही ठाऊक नसावं. चालायला लागले की खुळखुळ वाजायचं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोरं कान टवकारायची आणि म्हणायची, "आलं, मास्तर आलं."

बेंबळीच्या पुढं दोन-अडीच कोसांवर आमचं ते गाव. निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कागद उर्दूत, शाळेचा अहवाल उर्दूत, आणि ज्याची उर्दूची परीक्षा निघाली नाही तो मास्तर जन्माचा हंगामी. मी भूमहून नवाच आलो होतो, एकोणीस वर्षांचा, मिडल पास, उर्दू फर्डी. माझ्याकडं दुसरीचा वर्ग. मोठ्या पोरांना सदर मुदर्रिस म्हणजे मुख्य मास्तर शिकवायचे. त्यांना सगळा गाव 'सदर' म्हणायचा. आणि बिगरी, म्हणजे पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली, या सात खिशांच्या मास्तरांकडं. ते हंगामीच होते, कैक वर्षं. उर्दूच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा उत्तरपत्रिकेची होडी करून आले, असं सदर चारचौघांत सांगायचे. मास्तर हसून म्हणायचे, "होडी न्हवं, पाखरू केलतं."

मला हा माणूस सुरुवातीला अजिबात आवडला नाही. खरं सांगतो, लाज वाटायची. रस्त्यानं बरोबर चालावं तर यांची नजर जमिनीवर. मधेच थांबणार, वाकणार, कडब्याचं एक चिपाड उचलून दातानं सोलणार आणि आतला भेंडाचा पांढरा गाभा डोळ्यासमोर धरून म्हणणार, "बगा, कसा सरळ हाय. ह्येचं जू व्हईल." मग ते जू कुठल्या तरी पोराच्या हातात, मग काट्यानं टोचून बैल, मग बसायचा साटा, मग चाकं. अर्ध्या घटकेत बैलगाडी तयार. मी बाजूला उभा, नवी टोपी सावरत, कुणी ओळखीचं बघत नाही ना, एवढंच बघत.

आठवडी बाजाराला आम्ही दोघं एकदा बरोबर गेलो. मी वांगी घेतली. मास्तर चिंध्या, नारळाची शेंडी आणि भोपळ्याचे देठ गोळा करत फिरले. बाजार उठला तेव्हा बागवानाच्या गाड्याभोवती दहा-बारा पोरं देठाच्या पुंग्या वाजवत उभी, आणि मधे हे. घरी आल्यावर काकूंनी पिशवी उलटी केली आणि कपाळावर हात मारला. "अवं, भाजी कुठाय?" मास्तर म्हणाले, "इसरलो. पर आवाज लई ग्वाड निघाला."

मोठ्या माणसांना अहो-जाहो कुणीही करतं, हे बिगरीच्या पोरांनाही करायचे. "काय गोदाबाई, आज काय काढलंय कामाला?" "खंडेराव, शेंबूड पुसा आन् मग बैलाला हात लावा, त्यो बिचकंल." पोरंही मग तशीच वागायची, घरी आईला म्हणायची, "आमाला अवं म्हन." गोदी ही गुरवाची धाकटी, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. ती तर वर्गात कमरेवर हात ठेवून हिंडायची, घरची कारभारीण असल्यागत.

या वर्गात काय नसायचं? बाभळीच्या वाळल्या शेंगांचे पैंजण, पळसाच्या पानांच्या टोप्या, पिंपळाच्या पानाच्या पिपाण्या, चिंध्यांच्या बाहुल्या, आंब्याची कोय घासून केलेली पुंगी. मोगली एरंडाचा चीक गवताच्या फासात धरून फुंकला की फुगे उडायचे, ते माझ्या वर्गाच्या खिडकीतून आत यायचे आणि माझे पाढे तिथंच बंद पडायचे. विकतचं खेळणं मात्र मास्तरांना चालत नसे. एका सावकाराच्या पोरानं हैदराबादेहून आलेली चावीची गाडी आणली. मास्तरांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "मजा तर करणाऱ्यानं आदीच करून घेतली. तुमाला काय, नुसतं बगायचं." पोरानं दुसऱ्या दिवशी चिपाडाची गाडी केली, चावीची घरी ठेवली.

या सगळ्यात मुख्य होती माती. ओसरीच्या कडेला तोंड फुटलेला एक मोठा रांजण होता. तळ्यातली माती आणायची, खडे निवडायचे, रांजणात भिजवायची, लोण्यासारखी मळायची. सकाळी प्रत्येकाला गोळा. दिवसभर बैल, चूल, जातं, विहीर, मारुती, काय पाहिजे ते करा. आणि संध्याकाळी घंटा झाली की सगळं मोडायचं आणि माती परत रांजणात. किती का सुंदर असेना, मोडायचं. हा त्यांचा नेम होता आणि तो एक दिवस चुकला नाही.

मी एकदा चिडून म्हटलं, "मास्तर, पोरांनी एवढं जीव लावून केलेलं मोडायला लावता, जीव कसा होतो तुमचा?"

"आवं, ठिवलं तर उद्या त्येलाच बगत बसतील," ते म्हणाले. "मोडलं की उद्याचा बैल आजच्यापरीस चांगला व्हतो. तुमी बगा तर."

मी काही बघितलं नाही. मी दुसरीला पाढे पाठ करून घेत होतो.

गावकरी तक्रार करायचेच. दिवाळी झाली तरी बिगरीच्या पोरानं पाटीला हात लावलेला नाही. एकदा एक बाप काठी घेऊनच आला. "मास्तर, आमच्या घरी काय मातीची कमी हाय व्हय? मातीत खेळाया साळंत कशाला धाडू?"

मास्तरांनी त्याला गुळाचा खडा दिला, पाणी दिलं. मग म्हणाले, "घरी मातीत खेळतंय ते वरडा खात खेळतंय. हितं निवांत खेळतंय. हात शाणं झालं की डोस्कं मागनं आपसूक येतंय. उनाळ्यापतुर कळ काढा. अक्षरं न्हाय आली तर ह्याच काठीनं मला हाणा."

बाप गेला. जाताना काठी विसरला. ती कापून मास्तरांनी विट्या केल्या.

माघात कचेरीतून कागद आला. मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार, उस्मानाबादेहून येणार. कागदाच्या शेवटी एक ओळ होती, ती सदरांनी मला दोनदा वाचायला लावली. उर्दूची अट बाजूला ठेवून, बिगरीच्या मास्तरांचं काम बघून त्यांना कायम करावं किंवा कमी करावं, याचा निकाल त्याच दिवशी. मास्तरांना शेत नाही, भाऊबंद नाहीत, राहतं घरसुद्धा शाळेच्या नोकरीवर मिळालेलं. मी ओळ वाचून दाखवली तेव्हा काकू दाराआडून ऐकत होत्या. मास्तर दोऱ्यात शेंगा ओवत होते, तो दोरा त्यांच्या हातातून सुटला.

सदर म्हणाले, "आठ दिवस आहेत. अ-आ-इ गिरवून घ्या."

"हात अजून तयार न्हाईत, सदरसाहेब. आत्ता गिरवलं तर जन्मभर अक्षर वाकडं ऱ्हाईल."

"तुमची नोकरी वाकडी होईल त्याचं काय?"

मास्तरांनी तरी पाट्या काही काढल्या नाहीत. सदर माणूस वाईट नव्हते. त्यांनाही मास्तर हवे होते, आणि शाळेची अब्रूही हवी होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग मला ती अक्कल सुचली. हो, कल्पना माझीच. म्हटलं, अक्षरं मातीचीच करू. नामा कुंभाराकडून अ पासून ज्ञ पर्यंत घडवून घेऊ, वर चार बैल, एक नंदी, गेरूचा हात. टेबलावर मांडू आणि सांगू, बिगरीच्या पोरांनी केलं. साहेब खूश, मास्तर कायम. सदरांनी माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस स्वतःवर असा खूश होतो की विचारू नका.

तपासणीच्या दिवशी पहाटेच मी कुंभाराच्या भट्टीवरून माल आणला आणि बिगरीच्या वर्गात टेबलावर पांढरी चादर घालून मांडला. मास्तर आले. बघत राहिले. एक 'क' उचलला, नखानं टिचकी मारली. टण्णकन वाजला.

"भाजलंय झकास," ते म्हणाले. "कुणी केलं?"

"तुमच्या पोरांनी केलं," सदर म्हणाले, "आणि आता तोंडातून चकार शब्द काढू नका."

साहेब सकाळी दहाला यायचे, ते बारा वाजले तरी नाहीत, दोन वाजले तरी नाहीत. पोरं कंटाळली, म्हणून मास्तरांनी रोजच्यासारखी माती वाटली. शाळा सुटायच्या जरासं आधी साहेब आले. पांढरी घोडी, पुढं लगाम धरून चपराशी, साहेबांची शेरवानी धुळीनं भरलेली आणि कपाळाला आठ्या. "घोडी आळशी झाली आहे," ते उतरल्या उतरल्या उर्दूत करवादले, "सारा रस्ता शिव्या घालत आणली." आणि तडक बिगरीत शिरले.

टेबल बघितलं आणि आठ्या उलगडल्या. "बहुत खूब! इन छोटे बच्चों ने बनाया?"

"जी हुजूर," सदर म्हणाले.

आणि तेवढ्यात घंटा झाली. शाळेच्या शिपायाला साहेब आल्याचं कौतुक नव्हतं, त्याला कौतुक वेळेचं. रुळाच्या तुकड्यावर त्यानं टोले हाणले आणि बावीस पोरं उठली. त्यांना तेवढंच ठाऊक. आपापलं मोडलं, आणि मग टेबलाकडं वळली. वर्गात जे मातीचं ते सगळं मोडायचं!

"अरे, अरे, नको! थांबा!" सदर ओरडले. कोण ऐकतंय? खंड्यानं नंदी आपटला. अ फुटला, आ फुटला, ज्ञ चे तीन तुकडे झाले. पोरं तुकडे ओंजळीत भरून रांजणाकडं पळाली. साहेब भिंतीला टेकून उभे. मी डोळे मिटून घेतले.

मग गोदीचा आवाज आला. रांजणात कोपरापर्यंत हात घालून ती ढवळत होती. "मास्तर, ह्ये भिजंना की! किती चेंगरलं तरी कडकच हाय. ही कसली वो माती?"

साहेब चालत रांजणापाशी गेले. आत हात घालून एक तुकडा काढला, बोटावर घासला. त्यांना कळलं. कुणालाही कळलं असतं. "ये तो भट्टी का माल है," ते हळू म्हणाले. हळू बोललेलंच जास्त वाईट होतं. "ये धोका किसने किया?"

सदर खाली बघत होते. मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होतो. हैदराबाद कुठं, गोदावरी कुठं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मान वर होत नाही.

"ह्या वर्गात जे हाय त्येचा जबाबदार मी, सायेब," मास्तर म्हणाले. मी ते उर्दूत सांगितलं. माझ्याच तोंडानं सांगितलं.

"मग तुझ्या पोरांना खरं काय येतं? लिहिता येतं?"

"न्हाय सायेब."

"वाचता?"

"अजून न्हाय."

"तो फिर क्या आता है?"

"काय बी करायला सांगा. करत्यात."

साहेब तिरसटपणे हसले. "अच्छा. मेरी घोड़ी बनाओ."

मास्तरांनी पोरांकडं बघितलं. "पाव्हण्यांची घोडी करायची. आदी बगून या. घाई न्हाय."

शाळा सुटली होती, पण एक पोर घरी गेलं नाही. सगळी लिंबाखाली घोडीभोवती जमली. कुणी पोटाखालून गेलं, कुणी शेपूट मोजलं, कुणी आयाळ कुरवाळली. गोदी मात्र मागच्या पायांपाशी उकिडवी बसून राहिली, चपराशी हाकलत होता तरी. मग सगळी आत आली आणि कामाला लागली. वर्गात एवढी शांतता मी माझ्या छडीनंसुद्धा कधी आणली नव्हती. मास्तर एका जागी बसून होते. हातात एक चिपाड होतं, पण त्याचं ते काहीच करत नव्हते. या माणसाला भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

अर्ध्या-पाऊण तासानं बावीस घोड्या ओसरीवर उभ्या राहिल्या. काही शेळीसारख्या, एक तर चार पायांचा भोपळाच. पण प्रत्येक घोडीचा मागचा उजवा पाय वर उचललेला. तीन पायांवर उभ्या राहीनात, पडायला लागल्या, म्हणून पोरांनी पोटाखाली चिपाडाचे टेकू दिलेले.

साहेब वाकून एकेक बघत गेले. शेवटी कपाळाला हात लावून विचारलं, "सबका यही पैर ऐसा क्यों?"

गोदीला उर्दू कुठली यायला? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांची घोडी तशीच हुबी हाय की. पाय टेकवीतच न्हाय. तिच्या खुरात कायतरी रुतलंय. त्यांना दिसलं न्हाय व्हय?"

मी सांगितलं. साहेब तडक लिंबाखाली गेले. चपराशाला बाजूला करून स्वतः तो पाय उचलला. नालेच्या आत बोराएवढा खडा अडकला होता. काढला तशी घोडी फुरफुरली आणि पाय टेकवून उभी राहिली. सात कोस शिव्या खात आली होती बिचारी. साहेबांनी तिच्या मानेवर डोकं टेकवलं. आम्ही कुणी तिकडं बघितलं नाही.

परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. गोदीची घोडी उचलली आणि म्हणाले, "ही मी नेतो. घरी नातू आहे, त्याला दाखवतो."

आता तरी मास्तरांनी 'न्या' म्हणावं! एक शब्द, आणि नोकरी पक्की. सदर मागून खुणा करत होते. मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला, काढला, परत घातला.

"घोडी माजी न्हाय, सायेब," ते म्हणाले. "गोदाबाईंची हाय. त्यांना इचारा."

मी गोदीला मराठीत सांगितलं, साहेबांना ही नातवाला न्यायचीय. तिनं साहेबांच्या हातातून घोडी घेतली. एकदा तिच्याकडं बघितलं. आणि दोन्ही तळव्यांत धरून दाबली. मान गेली, पाय गेले, नुसता गोळा राहिला. तो गोळा तिनं साहेबांच्या उजव्या हातावर ठेवला.

"नातवालाच करू द्या की," ती म्हणाली. "माती ओली हाय तवर घरी जावा मात्र."

सदरांनी डोकं धरलं. मी हे उर्दूत कसं सांगावं त्याचा विचार करत होतो, पण सांगावं लागलं नाही. साहेबांनी मूठ मिटली. बोटांच्या फटीतून चिखल शेरवानीवर गळला. मग ते मोठ्यानं हसले, आणि सदरांना म्हणाले, "आप लिखिए. मेरा हाथ खाली नहीं है."

सदर लिहीत गेले, साहेबांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली आणि ओला रुमाल गोळ्याला गुंडाळून घोडीबरोबर पायी निघाले. बसले नाहीत.

कागद मास्तरांच्या हातात आला, पण उर्दू, वाचणार कसा? मी वाचून दाखवला. उन्हाळ्याआधी अक्षरं सुरू करावीत, आणि या मास्तराला कायम करावं. "परत वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. "आनि एकदा." तिसऱ्यांदा मी कागदाकडं न बघताच म्हटलं. काकू ओसरीच्या खांबाला धरून रडत होत्या आणि हसत होत्या.

पोरं गेली, सदर गेले. मी म्हटलं, "मास्तर, ते कुंभाराकडचं... मीच आणलं होतं. कल्पनाही माझीच."

"ठावं हाय," ते रांजणातले तुकडे वेचत म्हणाले. "सकाळी तुमच्या टोपीवर भट्टीची राख व्हती."

"मग साहेबांना माझं नाव का नाही सांगितलं? तुमची नोकरी जात होती!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी फार सोपं गणित चुकलोय.

"आवं, मला काडलं असतं तर मी नामा कुंभाराकडं माती मळून प्वाट भरलं असतं. तुमाला काडलं असतं तर तुमी काय केलं असतं? तुमाला काय येतंय?"

मी टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाढे झाल्यावर मी माझा दुसरीचा अख्खा वर्ग घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. मास्तरांनी पोरांना गोळे वाटले. मग माझ्यापुढं थांबले. मी पोरांच्या रांगेत खाली बसलो आणि हात पुढं केला.